वाळवीची वहिवाट

किडामुंगीने घर पडते काय, असा प्रश्न कोणी विचारला, तर शहरातल्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर आयुष्य घालविणाऱ्या गृहस्थाला तो थोडा पोरकट वाटण्याचा संभव आहे. कारण त्याच्या कल्पनेतले घर सिमेंट, लोखंड आणि बँकेचे कर्ज या तीन अभेद्य द्रव्यांचे बनलेले असते, आणि अशा घराला धोका उत्पन्न व्हायचाच तर तो भूकंप, महापालिकेची नोटीस किंवा सोसायटीची सर्वसाधारण सभा अशा एखाद्या भारदस्त कारणानेच होईल, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. हाच प्रश्न कोकणातल्या कौलारू घरात राहणाऱ्या माणसाला विचारून पाहावा. तो हसणार नाही. तो जागचा उठेल, दाराच्या चौकटीवर बोटाचे पेर वाजवील, आणि आवाज भरीव आला की पोकळ, हे ऐकून मगच उत्तर देईल.

माझे स्वतःचे उत्तर असे की, घर पडते, आणि ते पाडणारा अखेरचा घाव किड्याचाच असतो. मात्र त्या किड्याला घरात शिरण्याची सनद दुसऱ्याच कोणी तरी दिलेली असते, आणि नुकसानीचा पंचनामा करताना आपण किड्यापाशीच थांबतो, सनद देणाराचे नाव कागदावर कधी येत नाही.

देवगड तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर पणजोबांच्या काळचे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कमरेइतके उंच जोते, पुढे पडवी, मग ओटी, मग अंधारे माजघर, आणि वर मंगलोरी कौले. त्या घरात लाकडांचीही एक उतरंड होती. खांबांना फणसाचा गाभा, वाशांना ऐन आणि किंजळ, देवघराच्या दाराला साग. आंब्याला मात्र त्या घरात कोठेच थारा नव्हता; आंबा चितेला चालतो, चौकटीला चालत नाही, असा आमच्याकडच्या मेस्त्री मंडळींचा जुना दंडक आहे, आणि ज्या प्रांताची सगळी श्रीमंती आंब्यावर उभी आहे त्या प्रांताने त्याच झाडाच्या लाकडाविषयी इतके निर्दय मत बाळगावे, याची मला लहानपणी फार मौज वाटे. दंडक अर्थात अनुभवाचा होता. आंब्याचे लाकूड वाळवीला आणि भुंग्याला सारखेच गोड. सागाच्या गाभ्यात मात्र टेक्टोक्विनोन नावाचे एक द्रव्य असते, ते या कीटकांना सोसत नाही. पण गुण आहे तो गाभ्याचा, सालीलगतच्या पांढऱ्या भागाचा नव्हे. हल्ली लागवडीतला, पुरते वय होण्याआधीच तोडलेला साग बाजारात येतो, त्यात पांढरे लाकूडच पुष्कळ असते. तेव्हा ‘सागवानी चौकट’ या दोन शब्दांवर विसंबून पैसे मोजणाऱ्याने चौकट उभी होण्यापूर्वी तिचा रंग दिवसाउजेडी एकदा पाहून घेतलेला बरा.

आणखी एक गोष्ट त्या बांधणीत होती, तिचे मर्म मला पुष्कळ उशिरा उमगले. प्रत्येक खांब जमिनीत न पुरता घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा केलेला असे. शोभा हा त्यामागचा हेतू नव्हे. लाकडाचा मातीशी स्पर्श तुटावा, आणि जमिनीतून वर चढू पाहणाऱ्या कोणालाही वीतभर उघडा, कोरडा दगड ओलांडावा लागावा, म्हणजे त्याची हालचाल घरच्या बाईच्या नजरेस सकाळच्या केरवारात पडावी, ही त्यातली योजना होती. घरांचे वाळवीपासून रक्षण कसे करावे याविषयी भारतीय मानक संस्थेची ६३१३ क्रमांकाची एक संहिता आहे. तिच्या तीन भागांपैकी पहिला भाग औषधांविषयी बोलतच नाही, बांधकामातच योजावयाच्या उपायांविषयी बोलतो. आमच्या पणजोबांच्या मेस्त्रीने ती संहिता वाचणे शक्य नव्हते, परंतु तिचा पहिला भाग त्याच्या हातात होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तरीही वाळवी लागली. एका वैशाखात घर उघडले, तेव्हा माजघराच्या कोपऱ्यातून मातीची एक रेघ निघालेली दिसली. पेन्सिलीच्या जाडीची, ओबडधोबड, भिंतीच्या चुन्यावरून तिरकी चढत गेलेली ती रेघ सरळ चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात नाहीशी झाली होती. काडीने तिचा थोडासा भाग फोडला, तेव्हा आत दुधी रंगाचे, मऊ देहाचे जीव दोन्ही दिशांना लगबगीने पळाले, आणि क्षणभराने पिंगट डोक्याचे, पुढे आकड्यासारखे जबडे असलेले चार-दोन शिपाई त्या खिंडारात येऊन उभे राहिले. संध्याकाळी पाहतो तो खिंडार ओल्या मातीने बुजवलेले. चौकटीला हिरवा तेलरंग होता. तो ठणठणीत, चकचकीत, कोठे ओरखडादेखील नाही. त्यावर अंगठा दाबला मात्र, आणि रंगाची ती कातडी पापडासारखी मोडून अंगठा पेरापर्यंत आत गेला. आतले लाकूड पातळ पापुद्र्यांचे उरले होते: मऊ भाग खाऊन टाकलेला, कठीण धागे उभेच्या उभे शिल्लक, आणि मधल्या पोकळीत लिंपलेली माती. इतके सारे झाले तरी चौकट उभी होती, दार लागत होते, कडी बसत होती. कोणाच्याही डोळ्यांना घर पूर्वीइतकेच धडधाकट दिसत होते.

मी ओल्या फडक्याने ती मातीची रेघ पुसू लागलो. म्हातारे मेस्त्री ओटीवर पान लावीत बसले होते, ते तेथूनच म्हणाले, “माती पुसलात म्हणान ती जातली काय? पाणी खंयसून येता, तां आधी बघा.” आणि खरोखरच त्यांनी वाळवीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते उठले, माजघराच्या वर माळ्यावर चढले, बराच वेळ तेथे खुडबुडले, आणि खाली येऊन त्यांनी सांगितले की, वानरांनी दोन कौले सरकवली आहेत, पावसाचे पाणी कोनवाशावरून उतरून भिंतीत मुरते आहे, आणि भिंत पायापर्यंत ओली आहे. वाळवी नंतर आलेली. पाणी आधी आले.

मेस्त्रींचे हे निदान शास्त्राला धरून होते. वाळवी हा अत्यंत दुबळा प्राणी आहे. तिला मुंगीच्या कुळात घालण्याची आपली जुनी सवय असली, तरी तिचे नाते मुंगीशी नसून झुरळाशी आहे. झुरळांच्याच वंशातली ती एक समाजशील शाखा होय, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पक्के केले. मुंगीला कठीण कवच असते, ती भर उन्हात बाजारहाट करते. वाळवीच्या कामकऱ्याला ना कवच ना डोळे. उघड्या हवेत थोडा वेळ राहिला तरी तो सुकून मरतो. म्हणून ती जेथे जाईल तेथे आपल्याबरोबर अंधार आणि दमटपणा घेऊन जाते, आणि ती मातीची नळी म्हणजे दुसरे काही नसून जमिनीतल्या ओलाव्याचे लाकडापर्यंत नेलेले शेपूट असते. तिला लाकूड पाहिजे हे खरे. परंतु लाकडाआधी तिला पाणी पाहिजे. आमच्याकडे वारुळे उभारणारी जी जात सर्वत्र आढळते, तिला तर लाकूड नीट पचतही नाही: ती चघळलेल्या काष्ठाचे सच्छिद्र पोळे जमिनीखाली रचते, त्यावर एका बुरशीची शेती करते, आणि बुरशीने मऊ केलेले अन्न खाते. मध्यभागी कोंडलेली राणी वर्षानुवर्षे दिवसाला हजारोंनी अंडी घालते. तिचे पोट इतके फुगते की तिला जागचे हलताही येत नाही, आणि खाणे, साफसफाई, बाळंतपण सगळे दुसऱ्यांच्या हातून होते. आपण तिला राणी म्हणतो. तिची दिनचर्या पाहिली तर तिला जन्मठेपेची कैदी म्हणणे अधिक रास्त ठरेल.

मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची जी झुंबड उडते, ती याच घराण्यातली विवाहयोग्य मंडळी. लहानपणी दिव्याखाली परातीत पाणी ठेवून आम्ही त्यांना पकडीत असू. बहुतेकांना पाल, बेडूक, कोतवाल पक्षी आणि कावळे गट्ट करतात. जी उरतात ती आपले पंख आपणच झटकून टाकतात, आणि नर-मादी एकामागे एक चालत एखादी ओलसर भेग शोधू लागतात. ओसरीवर सकाळी पडलेल्या त्या अभ्रकी पंखांचा केर आपण निमूटपणे झाडून टाकतो. वास्तविक घरमालकाने त्या दिवशी हातात बत्ती घेऊन घराभोवती एक फेरी मारावयास हवी, कारण कोणाच्या तरी संसाराची मुहूर्तमेढ आपल्या जोत्यात रोवली गेल्याचा तोच काय तो एकमेव पुकारा असतो.

सिमेंटच्या घरात राहणाऱ्या गृहस्थाकडे येथे थोडे वळले पाहिजे. वाळवी सिमेंट खात नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण सिमेंटच्या भेगेतून, नळाच्या आणि विजेच्या नळीतून, लिफ्टच्या खांबणीतून ती वर चढते, आणि वर तिच्यासाठी प्लायवूडची कपाटे, लाकडी चौकटी आणि पुस्तके मांडून ठेवलेली असतात. न्हाणीघराच्या गळक्या भिंतीपाठीमागे कपाट ठोकणे हा महाराष्ट्रातल्या अंतर्गत सजावटीचा एक प्रस्थापित संप्रदाय आहे. वाळवीने स्वतः नकाशा काढला असता तरी याहून निराळा काढला नसता.

केवळ कीटकांनी एखादे नगर खिळखिळे केल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलिना बेटाकडे जावे लागेल. नेपोलियनच्या बंदिवासामुळे आणि १८२१ साली तेथेच झालेल्या त्याच्या मृत्यूमुळे ते बेट सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १८४० च्या आसपास, गुलामांचा चोरटा व्यापार करणारे ब्राझीलकडचे एक जहाज इंग्रज आरमाराने पकडून तेथे आणले. ते मोडले, आणि त्याची लाकडे जेम्सटाउन या राजधानीत साठवली गेली. त्या लाकडांतून वाळवी उतरली. पुढच्या वीसेक वर्षांत तिने घरांच्या तुळया, छते, दारे, सरकारी इमारती यांचा असा फडशा पाडला की, गावाचा मोठा भाग पुन्हा बांधावा लागला, आणि लाकडाऐवजी लोखंडाच्या तुळया विलायतेहून मागवाव्या लागल्या. साम्राज्याने ज्या माणसावर नजर ठेवण्यासाठी त्या बेटावर पलटणी बसवल्या होत्या, त्याने तेथे एक वीटही हलवली नाही.

वाळवीची एक जात कोरड्या लाकडात राहणारी असते. तिला जमिनीचा, नळीचा, ओल्या भिंतीचा काही मुलाहिजा लागत नाही. खुर्चीच्या एका पायात तिचे सबंध राज्य मावते, आणि त्या खुर्चीबरोबर ते समुद्रपार जाते. मेस्त्रींच्या पाण्याच्या सिद्धान्ताला हा एक अपवाद, हे कबूल केले पाहिजे. आपल्या किनारपट्टीवरही कोरड्या लाकडातल्या वाळव्या आहेत. जुन्या कपाटाखाली खसखशीएवढ्या दाण्यांची लहानशी रास रोज सकाळी दिसू लागली, आणि भिंगाखाली त्या दाण्याला सहा बाजू दिसल्या, तर तो लाकडाचा भुगा नव्हे, ती वाळवीची विष्ठा आहे असे समजावे. साधा पिठासारखा भुगा आणि टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे असतील, तर तो दुसरा आरोपी: लाकूड पोखरणारा बारीक भुंगेरा. त्याची भूक लाकडातल्या पिठूळ अंशावर असते, आणि म्हणूनच बांबू त्याच्या विशेष आवडीचा. बांबू वद्य पक्षात तोडावा, म्हणजे त्याला कीड लागत नाही, अशी समजूत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आहे. चंद्राचा वाटा त्यात किती, यावर मी पैज लावणार नाही. परंतु तोडलेला बांबू काही आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जी रीत आहे ती निश्चितपणे गुणकारी आहे, कारण त्या पाण्याबरोबर किड्याचे खाद्यच वाहून जाते.

राहता राहिला तो मोठा, काळा, निळसर पंखांचा, गुंजारव करणारा भुंगा. पडवीच्या वाशात बोट जाईल एवढे नितळ गोल भोक पाडून तो आत आपल्या पिलांची खोली करतो. हा मधमाशीचा भाऊबंद. लाकूड खात नाही, नुसते कोरतो, आणि त्याच्यामुळे घर पडल्याचे मी ऐकलेले नाही. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात, अर्जुनाला पडलेल्या मोहाचे वर्णन करताना, याच भ्रमराच्या काष्ठ कोरण्याचा आणि कमळाच्या कळीपुढे हतबल होण्याचा दृष्टान्त दिला आहे. त्यावरून एवढे निश्चित होते की, तेराव्या शतकातल्या मराठी घरांचे वासेही भुंगे कोरीत होते, आणि तेवढ्याने कोणाची झोप उडत नव्हती. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचे बुधले करते, तीही बिचारी निरपराध. तिचे घर पाडून आपल्या घराला काडीइतकाही लाभ होत नाही. आणि मुंग्यांचे तर आपण आभार मानावयास हवेत, कारण वाळवीचा खरा, पिढीजात वैरी म्हणजे मुंगीच.

घर म्हणजे नुसती चौकट आणि वासे नव्हेत. घराचे एक दप्तर असते, आणि वाळवीचा त्याच्याशी ऋणानुबंध काही वेगळाच आहे. वाईस सापडलेल्या कागदांच्या आधारे राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून कैक संशोधक गावोगावचे वाडे, देशमुख-देशपांड्यांची फडताळे, मठांचे माळे धुंडाळीत हिंडले. रुमाल मोठ्या आशेने सोडावा, आणि आत सनदा, महजर, यादी, कबुलायती यांच्या जागी मातीचा भुगा आणि भोके पडलेल्या चिंध्या हाती याव्यात, हा त्यांच्या आयुष्यातला नित्याचा प्रसंग. आपल्या इतिहासात ज्या जागा रिकाम्या आहेत, त्यांतल्या किती शत्रूच्या आगीने झाल्या आणि किती या मूक प्राण्याच्या भुकेने, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या बंदरातही एकोणिसाव्या शतकात असाच प्रकार घडला. तिथल्या सरकारी कचेरीतले दप्तर वाळवीने आतल्या आत खाऊन टाकले, पण गठ्ठ्यांचे वरचे कागद आणि कडा जशाच्या तशा ठेवल्या, त्यामुळे कारकुनांना पत्ताच लागला नाही. पुढे तेथले कागद जस्ताच्या पेट्यांत ठेवण्याची पाळी आली. वरचा कागद शाबूत ठेवण्याची ही कला सरकारी कचेऱ्यांना वाळवीने शिकवली, की वाळवीने कचेऱ्यांकडून घेतली, याविषयी मतभेद संभवतो.

आमच्या घराण्यात मात्र तिने एकदा न्यायदानाचे काम केले. पाणंदीलगतच्या एका कातळवजा तुकड्यावरून दोन चुलत शाखांत पिढीजात तंटा होता. तुकड्यात पीक काही येत नसे; तंट्याला मात्र दरवर्षी भरघोस पीक येई. मूळ वाटणीची यादी, नोंदणीचा कायदा येण्याच्या आधीची, म्हणून तिची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळण्याजोगी नव्हती; एक प्रत आमच्या पेटीत, एक त्यांच्या. अखेर दावा लावण्याच्या तयारीने आमची पेटी उघडली, तर यादीच्या चारही कडा शिल्लक, आणि मधला मजकूर, म्हणजे नेमक्या हद्दी, सीमा आणि वहिवाटीची कलमे, साफ नाहीशी. आमच्याकडची मंडळी चार महिने गप्प बसली. ती गप्प का, याचे कोडे पलीकडच्यांना पडले असेल असे आम्हांस वाटे. पुढे एका लग्नात पंगतीला शेजारी शेजारी बसल्यावर कळले की, त्यांच्या प्रतीचीही तीच गत झाली होती, आणि तेही आमच्याच भीतीने चूप होते. तुकडा अजून सामाईक आहे. त्यावर दोन्हीकडची गुरे चरतात.

आता किड्याला घरात शिरू देणाऱ्या त्या सनदेविषयी. माणसे राहत होती तोवर त्या घराला वाळवी लागल्याचे कोणी सांगितले नाही, आणि ते काही योगायोगाने नव्हे. माजघराशेजारी चूल रात्रंदिवस धुमसे. तिचा धूर कौलांतून वाट काढताना वाशांवर काजळीचे आणि चिकट राळेचे पूट चढवी, वासे कोरडेठाक राहात, आणि त्या काळ्या लाकडाला किडा सहसा तोंड लावीत नसे. शेणाने जमीन सारवणाऱ्या बाईचा हात भिंतीच्या कडेकडेने रोज नाही तरी दर चार दिवसांनी फिरे, आणि मातीची नळी वीतभर चढण्याच्या आत त्या हाताला लागे. काजूच्या टरफलांचे काळे, झोंबरे तेल होडीला लावून उरले की ते रिपांना आणि चौकटीच्या तळाला फासले जाई. वैशाखात शाकारणी होई. कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवली जात. यातले एकही काम कोणी ‘कीटकनियंत्रण’ म्हणून केले नाही. ते राहणे होते.

मग माणसे मुंबईस गेली. गिरणी, बँक, शाळा, पुढे कोणी त्याही पलीकडे. घर गणपतीला उघडू लागले, आणि शिमग्याला कोणाला रजा मिळाली तर. बाकीचे दिवस आत उजेड नाही, वारा नाही, धूर नाही, हात नाही. कुलूप लावताना आपल्याला वाटते की आपण घर बंद केले. प्रत्यक्षात आपण एकाचा कब्जा सोडतो, एवढेच, आणि कब्जा सुटलेल्या मिळकतीवर वहिवाट सांगणारा कोणी ना कोणी येतोच. कुळकायदा माणसांना लागू आहे. वाळवीला तलाठ्याकडे नोंद करावी लागत नाही. चोरीची फिर्याद होते, आगीची नुकसानभरपाई मागता येते. परंतु कीटकांनी हळूहळू केलेली नासाडी आणि झीज विम्याच्या करारनाम्यात बहुधा आधीच वगळून ठेवलेली असते. मला ती तरतूद एके काळी अन्यायाची वाटे. आता वाटते की, ती लिहिणाऱ्याला घरांविषयी पुष्कळ माहिती असावी.

या प्राण्याचा द्वेष मात्र माझ्याने होत नाही, आणि त्याला कारण आमच्या प्रांताचा धर्म आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी ही गावोगावची देवता, आणि कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात तिचे रूप म्हणजे मूर्ती नव्हे, प्रत्यक्ष वारूळ. नागपंचमीला सबंध महाराष्ट्रातल्या बायका वारुळाला दूध-लाह्या वाहतात, त्या नागाच्या निमित्ताने. पण बांधणी वाळवीची असते, नाग तेथे फुकटचा भाडेकरू. पावसाळ्यात त्याच वारुळांवर त्या भूमिगत बुरशीची पांढरी, मांसल अळंबी उगवते, आणि ती पहाटे कोणाला दिसते यावरून वाडीत चढाओढ लागते. रानातला पाचोळा, मेलेली झाडे, शेण, सगळे मातीत परत मिळवण्याचे काम हीच प्रजा करते. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती मोजल्या आहेत. इमारतींना उपद्रव देणाऱ्या त्यांतल्या दोनशेही नाहीत. तिच्या दृष्टीने फणसाचा खांब हे एक पडलेले झाड आहे आणि कुलूपबंद घर हे रानच आहे, व त्या समजुतीत ती फारशी चुकते असे मला म्हणवत नाही.

परंतु देवता दाराबाहेर शोभते. औषधे पुष्कळ झाली. पूर्वी आल्ड्रिन पायात सर्रास ओतीत. ते मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहते म्हणून १९९६ साली आपल्याकडे त्यावर बंदी आली. मग क्लोरपायरिफॉस, मग इमिडाक्लोप्रिड. घर बांधण्यापूर्वी पायाच्या मातीला ठरलेल्या मापाने औषध मिळाले, तर ते काम करते. संहितेप्रमाणे एक टक्क्याचे क्लोरपायरिफॉस दर चौरस मीटरला पाच लिटर पडावयास हवे. प्रत्यक्षात कंत्राटदाराचा माणूस पाठीवर पंप घेऊन येतो, पाऊण तासात पांढरे पाणी शिंपडतो, आणि दहा वर्षांच्या हमीचा छापील कागद देऊन जातो. तो कागद आमच्याकडे आहे. हमी देणाऱ्याचे दुकान आता तेथे नाही. विहीर जवळ असेल तर ही औषधे जोत्यात मारण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घेतल्यावाचून पाऊल टाकू नये, हेही सांगितले पाहिजे.

मेस्त्रींनी चौकट बदलली, ती फणसाच्याच गाभ्याची केली, खाली चिऱ्याचा तुकडा बसवला, आणि मजुरीतले निम्मे पैसे चौकटीचे नव्हे तर कौलांचे लावले. तेव्हा ज्यांची गावाकडे घरे आहेत आणि ज्यांच्या खिशात त्यांच्या किल्ल्या आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: औषधवाल्याला बोलावण्याआधी शाकारणी करणारा गडी बोलवा, मृगाच्या आत कौले चाळून घ्या, भिंतीला टेकून रचलेली लाकडे आणि झावळ्या अंगणाच्या कडेला हलवा, आणि दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे देऊन ठेवा. महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून माजघराच्या कोपऱ्यात बत्ती मारण्याचे तो जे काही घेईल ते द्या. नव्या चौकटीपेक्षा ते स्वस्त पडते.